काशीच्या वाटेवरचा अग्निगोल

काशीयात्रा म्हटली की आपल्या समाजातील यात्रेकरूच्या मनापुढे चार जन्मभूमी उभ्या राहतात. भेलूपूर ही तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथांची, भदैनीचा गंगाघाट ही सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथांची, सारनाथची सिंहपुरी ही अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथांची आणि चंद्रपुरी ही आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ स्वामींची. पहिल्या तिन्ही ठिकाणांचे दर्शन एका दिवसात होते. भेलूपुरात पूजा, भदैनीला स्याद्वाद महाविद्यालयाच्या परिसरातून गंगेचे दर्शन, दुपारी सारनाथ, आणि संध्याकाळी परतीची गाडी असा अनेक यात्रासंघांचा क्रम असतो. चंद्रपुरी मात्र शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर असल्याने पुष्कळदा राहून जाते. ज्यांच्यापाशी आणखी एक दिवस असेल त्यांनी ती चुकवू नये. तीर्थवंदनेचे पुण्य तर आहेच. पण त्या बाजूच्या मुलखाने जगाच्या ज्ञानात मोलाची भर घातली आहे, आणि ती गोष्ट यात्रेकरूंच्या माहितीपुस्तिकांत सहसा सापडत नाही.

वाराणसीहून गाझीपूरकडे जाणारी सडक धरली की शहराची गजबज हळूहळू मागे पडते. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. सकाळचे धुके शेतांवर रेंगाळत होते आणि गव्हाची रोपे जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर आली होती. चंद्रपुरीला आज चंद्रावती म्हणतात. मंदिर गंगेच्या उंच काठावर आहे. मूलनायकांचे दर्शन घेऊन बाहेर यावे, तो समोर नदीचे रुंद, संथ पात्र दिसते. ज्यांचे लांछनच चंद्र, त्या प्रभूंच्या जन्मभूमीला इतके मोकळे आकाश लाभावे याचे मनाला समाधान वाटते. येथून पुढे त्याच वाटेने गेल्यास कैथी लागते. तेथे मार्कंडेय महादेवाचे प्रसिद्ध स्थान आहे आणि तेथेच गोमती गंगेला मिळते.

या गोमतीच्या उत्तर तीरावर, काशीपासून चौदा मैलांवर, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरवर, क्राखुत नावाच्या गावाची नोंद सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका वृत्तांतात आहे. चंद्रावती काशीपासून जेवढी दूर, जवळजवळ तेवढेच हे गाव. नदी वेगळी, वाट वेगळी. पण गव्हाची शेते तीच आणि आकाशही तेच.

एका रात्रीची हकिगत

दिनांक १९ डिसेंबर १७९८. रात्रीचे आठ वाजले होते. गावकरी आपापल्या घरात विसावले होते. अकस्मात आकाशातून लखलखीत उजेड आला, मेघगर्जनेसारखा प्रचंड आवाज झाला आणि पाठोपाठ आसपास जड वस्तू धप्‌ धप्‌ पडल्याचे ऐकू आले. हा देवतांचा काही कोप किंवा संकेत असावा, अशी शंका आल्याने कोणी रात्री बाहेर पडले नाही. सकाळी शेतात पाहतात तो ठिकठिकाणी माती नव्याने उकरल्यासारखी दिसली. तेथे हात घालताच दगड सापडले.

तोच प्रकाश काशीतही दिसला. तेथे जिल्ह्याचे न्यायाधीश असलेले सॅम्युएल डेव्हिस आपल्या दालनात बसले होते. काचेच्या खिडकीतून आलेला उजेड इतका तीव्र होता की खिडकीच्या गजांच्या सावल्या खालच्या गडद सतरंजीवर स्पष्ट उमटल्या. लख्ख चांदण्याएवढा तो प्रकाश होता, असे त्यांनी सांगितले. जौनपूरच्या आसमंतातील लोकांनी आगीचा मोठा गोळा पाहिला आणि बंदुकांच्या फैरी अडखळत झडाव्यात तसा गडगडाट ऐकला. क्राखुतजवळ राहणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाच्या पहारेकऱ्याने तर दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाचा तुकडाच धन्याच्या हाती दिला. तो दगड त्याच्या झोपडीचे छप्पर फोडून आत आला होता आणि चोपलेल्या मातीच्या जमिनीत काही इंच रुतला होता.

वार्ता काशीला पोचताच डेव्हिस यांनी एक समजदार मनुष्य चौकशीसाठी पाठवला. गावकऱ्यांनी त्याला सांगितले की सापडलेले दगड काही फुटले, काही तहसीलदाराला आणि इतरांना देऊन झाले; परंतु पीक अजून दोन-तीन इंचच वर आहे, तेव्हा जेथे माती नुकतीच उलटलेली दिसेल तेथे शोधावे. त्याप्रमाणे त्याला चार दगड मिळाले. ते सुमारे सहा इंच खोल रुतले होते आणि एकमेकांपासून शंभर-शंभर यार्डांवर होते. किती खोल, याचे माप घेऊनच तो परतला. जिल्ह्याच्या महसूल कचेरीतूनही स्वतंत्र चौकशी झाली आणि काझींनी आपल्या सहीशिक्क्यानिशी त्याच हकिगतीला दुजोरा दिला. या साऱ्या जबान्या जॉन लॉइड विल्यम्स या काशीत राहणाऱ्या गृहस्थांनी एकत्र लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोचवल्या.

त्या दिवसांत काशीत शांतता होती असेही नाही. चारच आठवड्यांनी, १४ जानेवारी १७९९ रोजी, अवधचा पदच्युत नवाब वजीर अली याने उठाव केला. त्याची माणसे डेव्हिस यांच्या घरावर चालून गेली, तेव्हा हातात भाला घेऊन त्यांनी घराचा अरुंद जिना लढवला आणि कुटुंबाला वाचवले. सूर्यसिद्धांताचा अभ्यास करून भारतीय ग्रहगणितावर निबंध लिहिणारा हा न्यायाधीश त्या धुमश्चक्रीतून वाचला, आणि एवढ्या धामधुमीतही गोमतीकाठच्या शेतकऱ्यांची साक्ष हरवली नाही.

त्या साक्षीचे मोल

आज आपल्याला आकाशातून दगड पडतो हे शाळेतच शिकवले जाते. त्या काळी युरोपातील विद्वज्जनांना ते मान्य नव्हते. खेडुतांच्या भाबड्या कल्पना म्हणून अशा वार्ता बाजूला सारल्या जात. पडलेला दगड प्रत्यक्ष दाखवला तरी उत्तर तयार असे: वीज पडून जमिनीतलाच दगड भाजला असेल, ढगांत वादळामुळे तो घट्ट झाला असेल किंवा एखाद्या ज्वालामुखीने उडवला असेल. जर्मन शास्त्रज्ञ क्लाद्नी यांनी १७९४ मध्ये हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे मांडले, तेव्हाही अनेकांना ते पटले नाही.

अशा वेळी क्राखुतच्या वृत्तांतातील एक साधे वाक्य फार उपयोगी पडले. त्या महिन्याच्या ११ तारखेपासून आकाशात ढगाचा लवलेशही नव्हता आणि नंतरही बरेच दिवस नव्हता, असे त्यात नमूद आहे. ढग नाही, म्हणजे वीज नाही. गंगेच्या मैदानात ज्वालामुखी कोठून येणार? सपाट गाळाच्या शेतात तसले दगडही नाहीत. ज्याने हे हवामान लिहून ठेवले, त्याने तेव्हाच्या दोन-तीन प्रतिष्ठित तर्कांची वाट एका ओळीत बंद केली.

पुढे एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञाने हे काशीचे दगड तपासले. त्यांच्या शेजारी त्याने बोहेमियात १७५३ मध्ये, इटलीतील सिएनाजवळ १७९४ मध्ये आणि इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये १७९५ मध्ये पडल्याचे सांगितले गेलेले दगड ठेवले. इतक्या दूरदूरच्या देशांतले हे चारही दगड एकमेकांचे सख्खे भाऊ निघाले. चौघांतही लोखंडाचे कण होते आणि त्या लोखंडात निकेल होते. पृथ्वीवरच्या सामान्य दगडात असे मिश्रण आढळत नाही. हॉवर्डचे सहकारी बूर्नों यांना काशीच्या दगडात वाटोळे, बारीक गोलक दिसले आणि त्यांनी त्यांचे बारकाईने वर्णन केले. आज त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, वितळून थिजलेले हे थेंब आहेत. मनुष्याने हाती धरलेल्या सर्वांत पुरातन वस्तूंपैकी त्या आहेत, आणि त्यांचे पहिले काळजीपूर्वक वर्णन झाले ते गोमतीकाठी सापडलेल्या दगडावरून.

हॉवर्डचा निबंध फेब्रुवारी १८०२ मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला. दुसऱ्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधील लेगल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगड पडले. सरकारने बिओ या तरुण शास्त्रज्ञाला तेथे धाडले. त्याने गावोगाव फिरून लोकांच्या जबान्या घेतल्या आणि त्या परस्परांशी ताडून पाहिल्या. त्यानंतर वादाला फारशी जागा उरली नाही.

येथे एक गोष्ट मनाला लागून राहते. न्यायाधीशाचे नाव वृत्तांतात आहे, विल्यम्सचे आहे, हॉवर्डचे आहे. ज्यांच्या शेतात दगड पडले त्या शेतकऱ्यांचे, छप्पर फुटलेल्या पहारेकऱ्याचे, मापे घेऊन आलेल्या त्या समजदार माणसाचे नाव कोठेही नाही. तरी सारी इमारत उभी आहे ती त्यांच्याच बोलण्यावर. त्यांनी पदरचे काही घातले नाही. उजेड दिसला तो सांगितला, आवाज ऐकला तो सांगितला, भीती वाटली तीही लपवली नाही. याच जौनपुरात १५८६ मध्ये कविवर बनारसीदास जन्मले होते. आपल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही आडपडदा न ठेवता मांडले. जे जसे घडले ते तसेच सांगावे, ही या मुलखाची जुनी रीत असावी असे वाटते.

तारा तुटतो तेव्हा काय होते

आपण ज्याला ‘तारा तुटला’ म्हणतो ती उल्का होय. अंतराळातील खडा सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर प्रकाशू लागतो. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि क्षणात विझतात. जी उल्का शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसते तिला अग्निगोल म्हणतात. त्यातला दगड पुरेसा मोठा असेल तर वीस-तीस किलोमीटर उंचीवर त्याचा वेग मंदावतो, उजेड मावळतो, आणि उरलेले तुकडे अंधारातच खाली येतात. जमिनीवर पोचलेल्या दगडाला उल्कापाषाण किंवा अशनी हा शब्द आहे.

यामुळेच अग्निगोल पाहणाऱ्याची फसगत होते. तो टेकडीमागे किंवा शेजारच्या शेतात पडला असे प्रत्येकाला वाटते. वास्तविक तो शंभर-दोनशे किलोमीटर दूर असू शकतो. एका जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. सोलापूरच्या माणसाला जो उत्तरेला दिसला तोच नागपूरच्या माणसाला पश्चिमेला दिसेल. दोघेही खरे बोलत असतात, आणि दोघांच्या दिशा नकाशावर जेथे छेदतात तेथे अग्निगोलाची खरी जागा सापडते. अनेकान्ताचे संस्कार असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नकोच.

गुजरातच्या सौराष्ट्रात याचा सुरेख दाखला घडला. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास धजाला गावाच्या परिसरात अग्निगोल फुटून दगडांचा वर्षाव झाला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांच्या मदतीने सुमारे ४५ किलो दगड गोळा केले. एवढेच नव्हे, तर ठिकठिकाणच्या लोकांनी सांगितलेल्या दिशांवरून तो पाषाण सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत आला, याचेही गणित मांडले. अलीकडे १७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठा जिल्ह्यातील दियोदर तालुक्यात रांटिला गावच्या एका घराच्या ओसरीत असाच पाषाण पडून फुटला. गावकऱ्यांनी तुकडे जपून ठेवले म्हणून त्याची तपासणी झाली आणि तो ऑब्राइट या अत्यंत दुर्मीळ जातीचा निघाला. भारतात या जातीचा आधीचा पाषाण पडला होता तो १८५२ मध्ये, काशीच्या उत्तरेला असलेल्या बस्ती येथे.

मात्र आकाशातला प्रत्येक जळता प्रकाश उल्का नसतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ पुष्कळ वाचकांना आठवत असेल. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या आकाशातून दिव्यांची ओळ सावकाश सरकत गेली. अनेकांनी उल्कावर्षाव म्हणून हात जोडले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे भलेमोठे कडे पडले आणि परिसरात धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटच्या परत कोसळलेल्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत पडले. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. खरा अग्निगोल दोन-चार, फार तर दहा-पंधरा सेकंदांत संपतो. मानवनिर्मित वस्तू कक्षेतून कोसळते ती तुलनेने संथ, क्षितिजाला जवळजवळ समांतर आणि मिनिट-दीड मिनिट दिसत राहते. म्हणून ‘किती वेळ दिसला’ या एका प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तरावर निम्मा निकाल लागतो.

आपल्या दृष्टीस पडला तर

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना संध्याकाळनंतरचा निवांत वेळ लाभतो. क्राखुतचा अग्निगोल आठ वाजता दिसला, धजालाचा पावणेनऊला. जेवणानंतर मुलांना घेऊन गच्चीवर अर्धा तास बसावे, आकाशाची ओळख करून द्यावी. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव महाराष्ट्राच्या निरभ्र आकाशात छान दिसतो. ऑगस्टमधला ययाती समूहातील वर्षाव आपल्याकडे बहुधा चातुर्मासातल्या ढगांआड जातो.

एखाद्या रात्री अंगण उजळून टाकणारा गोल दिसलाच, तर आधी घड्याळ पाहावे. जागचे हलू नये. ज्या जागी उभे असताना दिसला ती जागा पक्की लक्षात ठेवावी. तो कोणत्या झाडाच्या किंवा इमारतीच्या वर प्रथम दिसला आणि कोठे विझला हे नोंदवावे. हात सरळ पुढे केल्यास मिटलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. त्यावरून क्षितिजापासूनची उंची मोजता येते. रंग, तुकडे झाले का, मागे धुराची रेघ राहिली का, हे लिहावे. तेजाची तुलना शुक्राशी किंवा पौर्णिमेच्या चंद्राशी करावी. सावल्या पडल्या असल्यास डेव्हिससारखी तीही नोंद करावी. आणखी पाच मिनिटे कान देऊन थांबावे. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो, त्यामुळे तीस किलोमीटरवरचा गडगडाट दीड मिनिटाने येतो. किती सेकंदांनी आला, यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो.

हे सारे त्याच रात्री कागदावर उतरवावे आणि घरातील प्रत्येकाने वेगवेगळे लिहावे. एकमेकांशी बोलून मग लिहिले की आठवणी परस्परांत मिसळतात आणि चार साक्षींची एकच होते. लहान मुलाने सांगितलेलेही तसेच लिहून ठेवावे. दुरुस्त करू नये. जे पाहिले नाही त्याच्यापुढे ‘पाहिले नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ही नोंद इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनकडे जगातून कोठूनही पाठवता येते.

दगडच हाती आला, तर घाई करू नये. ताजा अशनी बाहेरून पातळ काळ्या कवचाचा, आतून बहुधा फिकट आणि आकाराच्या मानाने जड असतो. तो आग लावत नाही. जमिनीवर पोचेपर्यंत पुष्कळ थंड झालेला असतो. त्याला धुऊ नये, फोडू नये, लोहचुंबक लावू नये. पडलेल्या जागेचे मापपट्टीसह छायाचित्र घ्यावे, दगड स्वच्छ, कोरड्या पिशवीत ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे किंवा तहसीलदारांकडे कळवावे. १७९८ मध्येही गावकऱ्यांनी दगड तहसीलदारालाच नेऊन दिले होते. आपल्या हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. पावसाळ्याआधी सापडलेला पाषाण आणि पावसाळ्यानंतर सापडलेला पाषाण यांत मोठे अंतर असते. देव्हाऱ्यात किंवा कपाटात ठेवलेला दगड घरापुरता राहतो. तपासला गेलेला दगड सर्वांचा होतो.

यापुढे काशीला जाल तेव्हा चंद्रावतीसाठी एक दिवस राखून ठेवा. दर्शन झाल्यावर काठावर थोडे थांबा आणि उत्तरेकडच्या शेतांकडे पाहून मुलांना क्राखुतच्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगा. त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती, विद्या नव्हती, पदही नव्हते. छप्पर फोडून आलेला दगड त्याने दडवला नाही, आणि जे घडले त्यात भर घातली नाही. एवढ्यावरच मोठमोठ्या विद्वानांना आपले मत बदलावे लागले.